दवाखान्यातून परतलेलं मांजर आणि घरी राहिलेलं मांजर

मांजरांच्या अडचणींसाठी मला जे फोन येतात, त्यांतला एक ठरलेला आहे आणि तो बहुतेक वेळा संध्याकाळी येतो. "सख्खी भावंडं आहेत हो. लहानपणापासून एका टोपलीत झोपतात. आज हिला ऑपरेशन करून आणलं, तर तो थेट हिच्या अंगावर धावून गेला. ओळखतच नाहीये!" मागे गुरगुर चालू असते, बोलणाऱ्याचा आवाज कापत असतो. मी आधी एवढंच विचारते, दोघं आत्ता एकाच खोलीत आहेत का? असतील तर फोन खाली ठेवा, एकाला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या, दार लावा. बाकीचं मग बोलू.

हा प्रकार अगदी सामान्य आहे, आणि बहुतेक वेळा टाळता येतो. टाळण्यासाठी जे करायचं त्यातलं बरंचसं मांजर घराबाहेर पडण्याआधी आणि घरी परतल्यावरच्या पहिल्या तासात करायचं असतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ओळख कशी पुसली जाते

मांजराला समोरचं मांजर डोळ्यांनी दिसतं, आवाजानेही कळतं, पण ओळखीचा शेवटचा शिक्का नाकाचा. एका घरातली मांजरं गाल, कपाळ, हनुवटी, शेपटीचं मूळ एकमेकांच्या अंगावर घासतात आणि एकमेकांना चाटतात. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ, सगळीकडे वासाच्या ग्रंथी असतात. रोज असं होत राहिलं की त्या घराचा म्हणून एक सामायिक वास तयार होतो आणि तो प्रत्येकाच्या अंगावर असतो. कोण आपल्यातलं आणि कोण परकं, हे त्यावरून ठरतं. हा वास टिकाऊ नसतो, तो रोज ताजा व्हावा लागतो.

दवाखान्यात त्याच्यावर काय काय चढतं बघा. स्पिरिट, जंतुनाशक, भुलीचं औषध, अनोळखी हात, शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा. शिवाय मांजर फार घाबरलं तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथींमधून उग्र वासाचा स्राव सुटतो, तो केसांना लागतो. घरी राहिलेल्या मांजराला तो वास म्हणजे 'इथे धोका आहे' अशी सूचनाच असते. परत आलेलं मांजर काहीही न करता धोकादायक ठरतं.

वागणंही बदललेलं असतं. भुलीतून उठलेलं मांजर झोकांड्या खातं. केटामाइन हे भुलीचं औषध दिलं असेल तर डोळे सताड उघडे राहतात आणि बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. मांजरांमध्ये रोखलेली नजर ही धमकी समजली जाते, आणि हे बिचारं अर्धवट शुद्धीत नुसतं समोर बघत असतं. त्यात पोटाचे केस काढलेले, गळ्यात प्लास्टिकचा कोन, तो दारा-भिंतींना आपटून होणारा खडखडाट. दुखणं तर असतंच, आणि दुखणारं मांजर कुणालाही जवळ येऊ देत नाही.

माझी ठमी पोटाचं ऑपरेशन करून आली तेव्हा तिला मी थेट वेगळ्या खोलीत ठेवलं आणि तिच्या कॅरिअरमधल्या, म्हणजे ने-आण करायच्या पिंजऱ्यातल्या, टॉवेलचं एक टोक बंड्यापुढे धरलं. बंड्या म्हणजे तिच्याबरोबर वाढलेला आमचा बोका. त्याने नाक लावलं आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून तसाच थबकला, वरचा ओठ किंचित मागे ओढलेला. बघणाऱ्याला वाटतं मांजर हसतंय, पण तेव्हा ते टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे वास ओढून घेत असतं. मग त्याचे कान बाजूला वळले, शेपटीचं टोक जमिनीवर आपटू लागलं. टॉवेलच्या मधल्या भागात तो अडकून राहिला, तिथून काठाकडे गेला, पुन्हा मध्ये आला. काठाला ठमीचा रोजचा वास होता आणि मध्ये दवाखान्याचा. शेवटी तो मागे सरकला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत उलटा चालत गेला. तेव्हा ठमी समोर असती तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

मी इतकी खबरदारी का घेते, तेही सांगते. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकेकटं राहतं आणि एकेकटंच शिकार करतं. भांडण झाल्यावर समेट करण्याचे जे इशारे कळपात राहणाऱ्या प्राण्यांकडे असतात, ते मांजरांकडे जवळजवळ नाहीतच. मांजराचा सगळा भर भांडण टाळण्यावर, लांब राहण्यावर, निघून जाण्यावर असतो. त्यामुळे घरातल्या दोन मांजरांची एकदा खरी झुंज झाली की ती आपोआप मिटेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ज्याला मार बसला त्याच्या मनात भीती बसते, तो दबकून चालू लागतो, आणि दबकून चालणारं मांजर दिसलं की दुसरं पाठलाग करतं. वर्षानुवर्षांची मैत्री एका संध्याकाळी बिघडते आणि जुळवायला महिने लागतात. ती पहिली झुंज होऊ न देणं, एवढंच खरं काम आहे. खाली जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

न्यायच्या आधी

कॅरिअर माळ्यावर ठेवू नका. फक्त दवाखान्याच्या दिवशी खाली येणारी वस्तू बघितली की मांजर पलंगाखाली जाऊन बसतं, मग ओढाताण होते आणि भीतीचा वास घरातूनच सोबत जातो. कॅरिअर वर्षभर कोपऱ्यात उघडं ठेवा, आत जुनी चादर घाला, अधूनमधून खाऊ ठेवा. घरातली सगळीच मांजरं त्यात जाऊन लोळली तर उत्तम, कारण मग त्या चादरीला घराचा सामायिक वास लागतो. दवाखान्यात जाताना तीच चादर आत असू द्या. वरून उघडणारं कॅरिअर असेल तर आणखी बरं, डॉक्टरांना मांजर ओढून काढावं लागत नाही.

तशाच वापरातल्या दोन चादरी किंवा टॉवेल घरी बाजूला काढून ठेवा, न धुता. परतीला त्या लागतात. निघण्यापूर्वी घरभर पुसापुशी, चादरी बदलणं, सोफ्याची खोळ धुणं असली कामं काढू नका. घरातला वासही तोच राहिला पाहिजे.

परतल्यावर ठेवायची खोली निघण्याआधीच तयार करा. त्यात लिटरचा (शी-शूसाठीच्या वाळूचा) ट्रे, पाणी, खाण्याचं भांडं, अंथरूण आणि लपायला एक खोका हवा. ट्रे आणि खाणं लांब लांब ठेवा. ऑपरेशन असेल तर उंच कपाट, खिडकीचा कट्टा, टेबल अशा जागी चढता येणार नाही असं बघा, कारण भुलीतलं मांजर उडी मारायला जातं आणि पडतं. टाके असतील तर लिटरऐवजी कागदाचे तुकडे घालू का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

दोन्ही मांजरांना एकदमच दवाखान्यात न्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. दोघांनाही तोच वास लागेल हा त्यामागचा विचार आहे. साध्या लसीसाठी जायचं असेल आणि दोन्ही मांजरं प्रवासात शांत राहणारी असतील तर जरूर न्या, वेगवेगळ्या कॅरिअरमध्ये. त्यातलं एक जरी प्रवासात ओरडणारं, लाळ गाळणारं, पिंजऱ्यावर पंजे मारणारं असेल तर नेऊ नका. एकाची भीती दुसऱ्याला लागते, आणि घाबरलेल्या मांजराला ज्याच्यावर राग आहे तो हाती लागत नसेल तर जवळ जो असेल त्याच्यावर ते तुटून पडतं. मग दवाखान्याचा राग भावावर निघतो. माझा कल एकेकट्यालाच नेण्याकडे आहे.

डॉक्टरांशी आधी बोला. याआधी भांडण झालं असेल तर ते सांगा. प्रवासाआधी द्यायचं शांत करणारं औषध मिळतं, गॅबापेंटिन त्यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरी आल्यावरच्या दुखण्यासाठीचं औषधही विचारून घ्या, कारण दुखणं आटोक्यात असेल तर चिडचिड निम्म्याने उतरते. माणसांच्या गोळ्यांना मात्र हात लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

दारात आल्यावर

इथे घाई होते. आपल्याला वाटतं, दिवसभर अडकलेलं आहे, सोडून द्यावं. आत येताच कॅरिअर हॉलच्या मध्यभागी ठेवून दार उघडलं जातं, घरातली मांजरं भोवती जमतात, आणि पुढच्या क्षणी केसांचे पुंजके उडतात.

घरातल्या मांजराला आधीच एका खोलीत ठेवा. घरात कुणी असेल तर त्यांना फोन करून तसं सांगून ठेवा. आलेलं मांजर कॅरिअरसकट सरळ त्याच्या खोलीत न्या, दार लावा आणि मगच कॅरिअर उघडा. बाहेर ओढू नका, त्याचं ते येईल. हात धुवा, अंगातले कपडे बदला, तुमच्याही बाह्यांना दवाखान्याचा वास असतो. कॅरिअर घरातल्या मांजराला हुंगायला मिळेल अशा जागी ठेवू नका. त्यातली मळलेली चादर काढून बाजूला ठेवा आणि जी न धुतलेली चादर राखून ठेवली होती ती आता खोलीत अंथरा.

मग थांबा. साधी तपासणी किंवा लस असेल आणि मांजर नेहमीसारखं वागत असेल तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी भेट घडवता येते. भूल दिली असेल तर किमान एक पूर्ण दिवस आणि रात्र वेगळं ठेवा, चालणं अगदी सरळ होईपर्यंत आणि ते नेहमीसारखं खाईपर्यंत. टाके असतील तर मी टाके निघेपर्यंत दोघांना देखरेखीशिवाय एकत्र सोडत नाही. त्याला आणखी एक कारण आहे. भांडण झालंच नाही तरी प्रेमाने चाटणारं दुसरं मांजर जखम चाटून टाके उसवतं.

या वेळात ते मांजर स्वतःला चाटून चाटून साफ करत असतं. वास परत आणण्याचं मुख्य काम ते स्वतःच करतं. आपण मदत करायची ती अशी: मऊ सुती कापड किंवा स्वच्छ मोजा घ्या, घरातल्या मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, कानांपुढच्या विरळ केसांच्या जागी अलगद फिरवा. तेच कापड परतलेल्या मांजराच्या खांद्यांवर आणि पाठीवर फिरवा, जखमेपासून लांब. आधी त्याला ते हुंगू द्या. हुंगून फिसकारलं तर अंगाला लावू नका, कापड खोलीत एका बाजूला ठेवून द्या. दोन-चार तासांनी पुन्हा बघा.

आंघोळ घालू नका. टाक्यांना पाणी चालत नाही हे तर झालंच, पण आंघोळीने राहिलासाहिला घरचा वासही जातो आणि वर शाम्पूचा तिसराच वास चढतो. दोघांना एकच अत्तर, पावडर किंवा व्हॅनिला लावा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. मांजराला हवा असतो ओळखीचा वास, आणि अत्तराने दोघांपैकी एकाचाही ओळखीचा वास उरत नाही. सुगंधी तेलं तर मुळीच नकोत, त्यांतली कितीतरी मांजरांना विषारी असतात, आणि अंगाला लावलेलं सगळं शेवटी चाटून पोटातच जातं.

दोघं दाराच्या दोन बाजूंना असताना तुम्ही स्वतः शांत राहा. बाहेरच्याला रोजचं खेळणं, रोजचं खाणं, रोजची वेळ. आतल्याजवळ नुसतं जमिनीवर बसून राहा. चोवीस तासांत त्याने काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा, उपाशी राहणं मांजराच्या यकृताला सोसत नाही. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर तेवढाही वेळ थांबू नका. ताणामुळे बोक्यांची लघवी अडू शकते, आणि ती तातडीची, जिवावरची गोष्ट असते.

पहिली भेट

सगळं शांत असेल तर भेट खाण्याच्या वेळी ठेवा, दोघंही थोडे भुकेले असताना. दार हातभर उघडा. दोघांचं खाणं एकमेकांपासून लांब, खोलीच्या दोन टोकांना. कुणालाही उचलून दुसऱ्यापुढे धरू नका. हातात धरलेल्या मांजराला पळता येत नाही, आणि ज्याला पळता येत नाही ते पंजा चालवतं.

लांबून हुंगणं, नाकाला नाक लावून मागे होणं, एकदा फिसकारून वळून जाणं, हे सगळं चालेल. फिसकारणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं, ते ऐकून दुसरं लांब झालं तर दोघांनी नीट बोलणं केलं म्हणायचं. त्यांना रागावू नका. मला भीती वाटते ती आवाज नसलेल्या गोष्टींची. एकाने दुसऱ्यावर नजर रोखली आणि पापणी लवत नाही. अंग ताठ, मान खाली, कान मागे वळलेले किंवा चपटे, शेपटीचं टोक झटके देतंय. किंवा एक नुसतं दारात आडवं पसरलंय आणि दुसऱ्याला ट्रेकडे जाता येत नाहीये. लोक म्हणतात, किती निवांत पडलाय बघा. तो पहारा देत असतो. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2024 साली घरातल्या मांजरांमधल्या ताणाबद्दल एक मार्गदर्शिका काढली. असे बारीक इशारे पाळणाऱ्यांच्या नजरेतून निसटतात, हे त्यातही ठळकपणे मांडलं आहे.

असं काही दिसलं तर मधे एक मोठा पुठ्ठा किंवा उशी सरकवा, म्हणजे नजर तुटते. मग खाऊने किंवा दोरीच्या खेळण्याने एकाला बाजूला न्या आणि दार लावा. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पाणी उडवायचं नाही. आधीच तापलेल्या मांजराला मोठ्या आवाजाने आणखी धक्का बसतो आणि तो धक्का ते समोरच्या मांजराच्या नावावर लिहून ठेवतं.

झुंज झालीच असेल तर

हात मधे घालू नका. रोज मांडीवर झोपणारं मांजरही त्या क्षणी तुम्हाला ओळखत नाही. जाड चादर किंवा पुठ्ठा वापरून वेगळं करा, आणि जे जवळच्या खोलीत जाईल त्याच्यामागे दार लावा. पकडून उचलायला जाऊ नका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराचा सुळा बारीक आणि खोल जातो, वरून छोटं भोक दिसतं आणि आत जंतू राहतात. हाताला, बोटांच्या सांध्याजवळ चावा असेल तर मुळीच अंगावर काढू नका. रेबीजच्या लसीचंही तिथेच विचारा.

मांजरांच्याही अंगावर हात फिरवून बघा, पण ती शांत झाल्यावर. केसांत दडलेली भोकं वरून बंद होतात आणि दोन-चार दिवसांत तिथे पू भरलेली गाठ येते, ताप येतो. मानेजवळ, पुढच्या पायांवर आणि शेपटीच्या मुळाशी नीट चाचपा. ओढून धरणाऱ्याच्या खुणा पुढे असतात, पळणाऱ्याच्या मागे.

तापलेलं मांजर किती वेळात निवतं? काही तास, कधीकधी एक-दोन दिवस. तोवर मंद उजेड, शांतता, आणि तुम्हीसुद्धा फक्त खाण्यापाण्यापुरतं आत जा. बाहेरून शांत दिसणाऱ्या मांजराच्या बाहुल्या अजून मोठ्या असतील, पाठीची कातडी थरथरत असेल, तर ते अजून निवलेलं नाही.

त्यानंतर दोघांची ओळख अगदी नव्याने, जणू एक मांजर आजच घरात आलंय अशी करून द्यायची. इथे दिवस मोजू नका, मांजरं बघा. सुरुवात पुन्हा वासाने. दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करा. मग जागांची करा, म्हणजे हा तासभर तिच्या खोलीत आणि ती बाहेर, समोरासमोर न येता. कोपरे, कपाटांच्या कडा, खुर्च्यांचे पाय दोघंही गालाने घासतात, आणि वास पुन्हा एकमेकांत मिसळू लागतो. दोघंही दुसऱ्याच्या अंथरुणावर जाऊन लोळली की ती पायरी झाली. मग बंद दाराच्या दोन बाजूंना खाणं. आधी दारापासून लांब, मग जेवणागणिक थोडं जवळ. एखादं मांजर खाता खाता थांबून दाराकडे टक लावू लागलं तर भांडं मागे घ्या. दोघं दाराला खेटून निवांत खाऊ लागली की दाराच्या जागी जाळी, किंवा दार फटीएवढं उघडं. जाळीवर आधी निम्म्या उंचीपर्यंत कापड टाका, आणि खाताना एकमेकांची झलक दिसू द्या, बस्स. खाणं संपलं की लगेच दार बंद. चांगलं चाललेलं असतानाच भेट आटोपायची. आपल्याला मोह होतो, छान बसलेत, राहू दे अजून थोडं. तो मोह आवरा.

मोकळ्या भेटीत दोन माणसं असतील तर बरं, प्रत्येकाने एका मांजराशी खेळायचं, दोन खेळणी, खोलीची दोन टोकं. काही मिनिटं पुरेत. एकमेकांकडे बघून नजर वळवणं, समोर बसून स्वतःला चाटणं, डोळे अर्धवट मिटून बसणं, पाठ करून लोळणं, या सगळ्या चांगल्या खुणा. एकाने दुसऱ्याच्या गालाला गाल घासला की मी निश्वास टाकते, कारण तो सामायिक वास तिथे पुन्हा बनायला लागलेला असतो. तरी पुढचे बरेच दिवस रात्री आणि तुम्ही घराबाहेर असताना दोघं वेगळीच ठेवा.

कुठल्याही पायरीवर बिघडलं तर एक पायरी मागे. पुष्कळदा मागे यावं लागतं, त्यात काही वाईट नाही.

लांबच्या मुक्कामानंतर

मांजर काही आठवडे दुसऱ्यांकडे राहून आलं, बोर्डिंगमध्ये होतं किंवा हरवून सापडलं, तर वासाबरोबर जागेचाही प्रश्न येतो. मागे राहिलेल्याने तोवर खिडकीतली उन्हाची जागा, पलंगाची पायथ्याकडची बाजू, सगळं आपलं केलेलं असतं. परतलेलं मांजर सरळ तिथे जाऊन बसतं आणि तंटा पेटतो. अशा वेळी ओळख पहिल्यापासून करून द्या, वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांनी, दोघं शांत दिसली तरी. आणि नव्या जागा तयार करा: आणखी एक कट्टा, आणखी एक खोका, उंचावर आणखी एक फळी.

हरवून सापडलेलं मांजर आधी डॉक्टरांकडे, मग घरात. पिसवा, जखमा, संसर्ग यांसाठी तपासणी होईपर्यंत ते वेगळंच राहू द्या. काही विषाणू चाव्यांतून पसरतात, म्हणून त्यांच्या चाचण्या होण्याआधी भेट घडवणं दुहेरी धोक्याचं.

नसबंदी करून आलेल्या बोक्याबद्दल एक. ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, आणि अंगातला जोरही हळूहळू उतरतो. घरात नसबंदी न झालेली भाटी असेल तर तिला महिनाभर लांब ठेवा.

तीन किंवा जास्त मांजरं असतील तर सगळ्यांची भेट एकदम नको. जे सगळ्यांत पोक्त आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसणारं असेल त्याच्यापासून सुरुवात करा. ते परतलेल्याला घासून जाईल आणि त्याच्या अंगावरून घराचा वास पुढे जाईल. ज्याच्याबरोबर नेहमी कुरबुर असते त्याला सर्वांत शेवटी आणा.

घराची मांडणी आणि डिफ्यूझर

मांजरं आहेत त्याहून एक ट्रे जास्त ठेवा, हे बहुतेकांना माहीत असतं. ते ट्रे ओळीने एकाच ठिकाणी मांडले तर मांजराच्या हिशेबी तो एकच ट्रे होतो, हे मात्र सांगावं लागतं. पहारा देणारं मांजर एका दारात बसून सगळे अडवतं. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. पाणी, खाणं, नखं घासायचा खांब, लपायच्या जागा यांचंही तसंच. प्रत्येक लपायच्या जागेला आत जायची एक आणि बाहेर पडायची दुसरी वाट असावी, म्हणजे कोंडी होत नाही.

मांजरांच्या गालांवरच्या स्रावासारखा कृत्रिम पदार्थ असलेली उत्पादनं मिळतात. फ्रान्सचे पशुवैद्य पॅट्रिक पाजा यांच्या कामातून ती आली आणि फेलिवे हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. एकापेक्षा जास्त मांजरांच्या घरासाठी वेगळा प्रकार येतो, त्यात पिल्लांना पाजणाऱ्या आईच्या अंगातून सुटणाऱ्या संदेशाची नक्कल असते. स्प्रे वापरणार असाल तर मांजर आत घालण्याच्या किमान पंधरा मिनिटं आधी कॅरिअरमध्ये मारा, त्यातलं अल्कोहोल उडून जाऊ द्या. हा पदार्थ हळूहळू हवेत सोडणारा, भिंतीतल्या प्लगला लावायचा डिफ्यूझर मांजर परतण्याच्या काही दिवस आधीच लावा आणि सोफ्याच्या किंवा पडद्याच्या मागे लपवू नका. काही मांजरांना याचा चांगला फायदा होतो, काहींना काहीच नाही. मी लावते, पण त्याच्या भरवशावर दार लवकर उघडत नाही.

पायऱ्या नीट करूनही काही आठवड्यांत फरक दिसत नसेल, एक मांजर लपूनच राहत असेल, ट्रेबाहेर करू लागलं असेल, स्वतःला चाटून टक्कल पाडत असेल, तर मांजरांच्या वागण्यातलं कळणाऱ्या डॉक्टरांना गाठा. आधी दोघांचीही तपासणी मागा. दात, सांधे, थायरॉइड, मूत्राशय यांतलं काही दुखत असेल तर ओळखीचे सगळे प्रयोग फुकट जातात. ताण कमी करणारी औषधं काही आठवडे द्यावी लागली तर त्यात कमीपणा मानू नका. घाबरून गेलेल्या मांजराला त्या औषधाच्या आधाराने पुन्हा हॉलमध्ये यायचं धाडस झालेलं मी पाहिलं आहे.

टाके काढायची किंवा पुढच्या लसीची तारीख मिळाली की लगेच न धुतलेल्या दोन चादरी बाजूला काढा आणि कॅरिअरमध्ये खाऊ ठेवायला सुरुवात करा. पहिली खेप सुरळीत गेली म्हणून दुसऱ्या खेपेला वेगळी खोली टाळू नका.